पट्टी बदलली, माणसे दिसली

बँकेत अधिकारी म्हणून तीसएक वर्षे काढलेल्या माणसाच्या हातून किती अर्ज नामंजूर झाले असतील याची मोजदाद नसते. ते लक्षात राहात नाहीत. राहिले तर रात्रीची झोप लागणार नाही. मला मात्र एक अर्ज अजून आठवतो. तो नामंजूर करताना माझे काहीही चुकले नव्हते, म्हणूनच बहुधा आठवतो.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या अखेरची. मुंबईच्या पूर्व उपनगरातली शाखा. १९७२ साली सुरू झालेली एक योजना तेव्हा आमच्याकडे जोरात होती. डीआरआय म्हणत तिला. गरिबाला चार टक्के व्याजाने छोटे कर्ज. अट एकच महत्त्वाची : शहरात राहणाऱ्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न ७२०० रुपयांच्या वर नसावे. म्हणजे महिन्याला ६०० रुपये.

कारखान्यातल्या कामगारांना डबे पुरवणारी एक बाई आली. तिला मोठा स्टोव्ह, दोन पातेली आणि डझनभर डबे घ्यायचे होते. नवरा पहारेकरी, पगार साडेचारशे. तिची स्वतःची कमाई अडीचशे. तिने दोन्ही आकडे खरे सांगितले. महिन्याला सातशे, वर्षाला ८४०० रुपये झाले.

मी म्हटले, ‘‘बाई, तुमचं उत्पन्न योजनेत बसत नाही. जास्त होतंय.’’

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘साहेब, जास्त होतंय म्हणता, तर मग पुरत का नाही?’’

माझ्यापाशी उत्तर नव्हते. रांगेत पुढचा माणूस उभा होता. त्याच्या दाखल्यावर ६९०० चा आकडा होता. त्याचे कर्ज मंजूर झाले.

संध्याकाळी सहज हिशेब केला. बाईच्या घरात सात माणसे. म्हणजे माणशी महिन्याला शंभर रुपये. ज्याचे कर्ज मंजूर झाले त्याच्या घरात तिघेच होते. म्हणजे माणशी १९२. शिवाय त्याची खोली स्वतःची होती, आणि ही बाई झोपडपट्टीतसुद्धा भाडेकरू होती. पाणी हंड्यावर विकत घेत होती. आमच्या पट्टीने माणशी शंभरवाली श्रीमंत ठरली आणि १९२ वाला गरीब. तपासनिसांनी या व्यवहारावर काही शेरा मारला नाही. मारण्यासारखे काही नव्हतेच.

पुढे कधी तरी कळले की बाईने सावकाराकडून पैसे उचलले. व्याज महिन्याला दहा टक्के.

‘मग पुरत का नाही?’ या प्रश्नाचा मी नंतर अनेक वर्षे, कादंबऱ्या लिहिण्याच्या निमित्ताने आणि निमित्ताशिवायही, पाठलाग केला. तेव्हा ध्यानात आले की, देशातल्या मोठमोठ्या अर्थतज्ज्ञांनाही हा प्रश्न सुटायला पाऊणशे वर्षे लागली आहेत, आणि अजून तो पुरता सुटलेला नाही.

आपल्याकडे गरिबी मोजण्याचा पहिला गंभीर प्रयत्न दादाभाई नौरोजींचा. एकोणिसाव्या शतकात त्यांनी विचारले, माणसाला जगायला कमीत कमी किती लागते? उत्तरासाठी त्यांनी आधार घेतला तुरुंगातल्या कैद्याच्या शिध्याचा. सरकार कैद्याला जेवढे देते तेवढेही मोकळ्या रयतेला मिळत नाही, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. पण त्यात एक गोष्ट गृहीत होती. कैद्याला भाडे द्यावे लागत नाही, आणि कामावर जाण्यासाठी गाडीचा पासही काढावा लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९६२ साली नियोजन मंडळाच्या अभ्यासगटाने दरडोई महिना २० रुपये ही किमान गरज ठरवली. शिक्षण आणि औषधपाणी यांचा खर्च त्यात धरला नव्हता. कारण? तो सरकार करणार होते. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी रोजच्या २२५० कॅलरी हा पाया घेतला आणि १९६०-६१ च्या भावाने गावात महिन्याला १५ रुपये, शहरात साडेबावीस रुपये अशी रेषा मांडली. १९७९ मध्ये नियोजन मंडळाच्या कृतिगटाने शहरासाठी २१०० आणि खेड्यासाठी २४०० कॅलरी हे प्रमाण धरले. त्यातून १९७३-७४ च्या भावाने शहराची रेषा आली ५६ रुपये ६४ पैसे, आणि खेड्याची ४९ रुपये ९ पैसे.

या साऱ्या विद्वानांबद्दल मला आदरच आहे. दांडेकर-रथ यांच्यामुळे गरिबी हा शब्द भाषणातून उतरून हिशेबात आला. पण या रेषा मुळात भाकरीच्या होत्या. पोट भरायला लागणारे धान्य ज्या खर्चाच्या पातळीवर लोकांना मिळते, ती पातळी म्हणजे रेषा. बाकीच्या गोष्टींवर त्या पातळीचे लोक १९७३-७४ साली जे काही खर्च करत होते, तेवढे पुरेसे मानले गेले. पुढची तीस वर्षे तीच टोपली महागाईप्रमाणे पुढे सरकवण्यात आली. १९९३ च्या लकडावाला समितीने प्रत्येक राज्याला स्वतंत्र भाव लावले, टोपली मात्र तीच ठेवली. दरम्यान पालिकेच्या शाळेतली मुले खाजगी शाळेत गेली, सरकारी दवाखान्याच्या जागी गल्लीतला डॉक्टर आला आणि कामाचे ठिकाण घरापासून दीड तासावर गेले. टोपलीला याचा पत्ता नव्हता.

२००९ मध्ये सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने कॅलरींचा खुंटा सोडला. शिक्षण आणि आरोग्य यांवर लोक खिशातून पैसे घालतात, हे मान्य केले. पण झाले काय पाहा. शहरातल्या गरिबीचा जुना आकडा, म्हणजे २००४-०५ सालचा २५.७ टक्के, हा फारसा वादग्रस्त नाही असे म्हणून समितीने तो तसाच ठेवला, आणि शहरातल्या त्या पातळीची टोपली खेड्यालाही लावली. त्यामुळे खेड्यातली गरिबी २८.३ वरून एकदम ४१.८ टक्के झाली. खेड्याकडे आपण नव्याने पाहू लागलो. शहर होते तिथेच राहिले.

मग ‘बत्तीस रुपयां’चे प्रकरण झाले. २०११ साली नियोजन मंडळाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले की, शहरात रोज ३२ रुपयांच्या वर खर्च करणारा माणूस गरीब नव्हे. देशभर हसू झाले, संताप झाला. त्या गदारोळातून सी. रंगराजन यांची समिती आली आणि २०१४ मध्ये तिचा अहवाल. तो फारसा कोणी वाचला नाही. माझ्या मते शहरी गरिबीवरचे ते सर्वांत महत्त्वाचे सरकारी पान आहे.

रंगराजन समितीने एक साधी गोष्ट केली. अन्नाचा खर्च वेगळा काढला. मग कपडे, घरभाडे, प्रवास आणि शिक्षण या चार गोष्टींना ‘आवश्यक’ म्हटले, आणि गरीब जे खर्च करतो ते न धरता मधल्या पातळीचे कुटुंब जे खर्च करते ते प्रमाण धरले. शहरातल्या माणसासाठी २०११-१२ साली महिन्याचा हिशेब असा आला : अन्न ६५६ रुपये, या चार आवश्यक गोष्टी ४०७ रुपये, बाकीचे ३४४ रुपये. एकूण १४०७. रोजचे ४७ रुपये.

खेड्यासाठी याच चार गोष्टींचा आकडा होता १४१ रुपये. शहरात ४०७, खेड्यात १४१. अन्नात मात्र तफावत शंभरच रुपयांची : ६५६ आणि ५५४. शहर माणसाला कुठे पिळते ते या दोन ओळींत आहे. शहर ताटात फारसे महाग नाही. महाग आहे ते शहरात उभे राहायला लागणारी जागा, तिथून कामावर जाणे आणि मुलाला शाळेत घालणे.

आणि निकाल? तेंडुलकरांच्या पट्टीने २०११-१२ साली शहरातले १३.७ टक्के लोक गरीब होते, सुमारे सव्वापाच कोटी. रंगराजन यांच्या पट्टीने त्याच साली, त्याच पाहणीच्या आधारे, २६.४ टक्के. सव्वादहा कोटी. एका रात्रीत कोणी कंगाल झाले नव्हते. पाच कोटी माणसे आधीपासून तिथेच होती. खोलीचे भाडे आणि गाडीचा पास हिशेबात धरल्याबरोबर ती दिसू लागली. माझी डबेवाली बाई याच पाच कोटींतली. पुरत का नाही, याचे उत्तर द्यायला आम्हाला २०१४ साल उजाडावे लागले.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो अगदीच फेकून देण्यासारखा नाही. रेषा दर वेळी वर सरकवायची आणि गरीब वाढले म्हणून गळा काढायचा, मग देश कधी सुधारल्याचे दिसणारच नाही, असे काही जण म्हणतात. पण आकडे तसे सांगत नाहीत. रंगराजन यांच्या उंच रेषेनेदेखील देशातली एकूण गरिबी २००९-१० मध्ये ३८.२ टक्के होती, ती २०११-१२ मध्ये २९.५ वर आली. कोणतीही पट्टी घ्या, ती बदलू नका, गरिबी कमी झालेलीच दिसते, आणि ती झाली आहे. मी नोकरीला लागलो तेव्हाची मुंबई आणि आजची मुंबई ज्याने पाहिली आहे तो हे नाकारणार नाही. पण गरिबी घटली किती आणि उरली किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर अभिमानाने द्यावे. दुसऱ्याचे उत्तर पहिल्याच्या आड लपवू नये.

पट्टी तर सुधारली, पण विचारण्याची रीतही सुधारावी लागते. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या गृहिणींना हे वेगळे सांगायला नको. ‘गेल्या महिन्यात भाजी किती रुपयांची आणली?’ असे कोणी विचारले तर आपण अंदाजाने सांगू, आणि बहुधा कमीच सांगू. ‘गेल्या आठ दिवसांत?’ म्हटले तर बरेच आठवेल. राष्ट्रीय नमुना पाहणीने नव्वदच्या दशकात हे करून पाहिले. सात दिवसांचा प्रश्न विचारला की खाण्याचा खर्च जास्त निघे आणि गरीब कमी होत. तीस दिवसांचा विचारला की उलट. १९९९-२००० च्या पाहणीत दोन्ही प्रश्न एकाच घरात विचारले गेले, त्यांची एकमेकांत सरमिसळ झाली आणि त्या साली गरिबी नक्की किती घटली यावर अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षे भांडत राहिले. २०२२-२३ च्या पाहणीत भाजी, फळे, मासे-मटण यांना सात दिवस, धान्याला तीस दिवस, कपडेलत्त्यांना वर्ष अशी विभागणी होती, आणि एकाच घरी एकदा न जाता तीनदा जाण्यात आले.

शहरात याचे मोल फार आहे. पाहणी करणारा दुपारी दारात येतो. घरात बाई असते. नवऱ्याने बाहेर किती चहा घेतले, किती वडापाव खाल्ले, मुलाने रिक्षाला किती घातले, तिला कुठून माहीत? शहरातला निम्मा खर्च घराबाहेर होतो आणि विचारणा घरात होते.

या नव्या पाहण्यांतून आणखी एक गोष्ट दिसते. १९९९-२००० मध्ये शहरातले कुटुंब खर्चातला सुमारे ४८ टक्के भाग खाण्यावर घालत असे. २०२२-२३ मध्ये तो ३९ टक्क्यांवर आला. म्हणजे शंभरातले एकसष्ट रुपये खाण्याशिवाय इतर गोष्टींवर जातात. तेव्हा केवळ भाकरीवरून गरिबी मोजणे आता शंभरातले एकोणचाळीस रुपये बघून बाकीच्यांकडे पाठ फिरवण्यासारखे आहे.

रंगराजन समितीची रेषा सरकारने अधिकृतपणे स्वीकारली नाही. अलीकडे पैशांची रेषाच मागे पडून नीती आयोगाचा ‘बहुआयामी’ निर्देशांक पुढे आला आहे. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान अशा तीन बाजू, एकूण बारा कसोट्या. उत्पन्न विचारायचे नाही. घरात काय नाही ते बघायचे. कल्पना चांगली आहे. माणूस केवळ पैशाने गरीब नसतो, हे आपल्या साहित्याने फार आधी सांगितले होते, आता सांख्यिकीने मान्य केले. या मोजणीने २०१९-२१ साली खेड्यात १९.२८ टक्के लोक गरीब आहेत आणि शहरात अवघे ५.२७ टक्के.

५.२७ हा आकडा वाचून मी थबकलो आणि जुन्या सवयीप्रमाणे कोष्टक उघडून बसलो.

सोयीसाठी एकूण २१ गुण माना. आरोग्याला सात, शिक्षणाला सात, राहणीमानाला सात. वंचिततेचे सात गुण भरले की कुटुंब गरीब. राहणीमानाच्या सात कसोट्या आहेत : चुलीचे इंधन, शौचालय, पाणी, वीज, घर, सामानसुमान, बँकेतले खाते. प्रत्येकी एक गुण. आता एखादे झोपडपट्टीतले कुटुंब घ्या. शौचालय शेजाऱ्यांबरोबर सामाईक, एक गुण. पाणी आणायला-न्यायला अर्ध्या तासाच्या वर जातो, दुसरा गुण. घर पत्र्याचे-ताडपत्रीचे, तिसरा. मुले शाळेत जातात, घरातला एक जण सातवी झालेला आहे, म्हणून शिक्षणाचे गुण शून्य. घरात कोणी कुपोषित निघाले नाही, तर हे कुटुंब तीन गुणांवर थांबते. ते गरीब नाही.

घराच्या कसोटीत जमीन, भिंती आणि छप्पर कशाचे, एवढेच बघतात. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे झोपतात का, हे विचारत नाहीत. भाडे किती, हे विचारत नाहीत. उद्या ही खोली राहील की तिच्यावर बुलडोझर येईल, हेही विचारत नाहीत. खेड्यातली गरिबी ओळखायला या कसोट्या चांगल्या आहेत. शहराच्या गरिबीला त्या चाटून जातात.

बँकेच्या खात्याबद्दल तर मी अधिकाराने बोलू शकतो. घरातल्या एकाचे खाते असले, बँकेत किंवा पोस्टात, की ती कसोटी पार. २०१४ च्या ऑगस्टपासून जनधन योजनेत कोट्यवधी खाती उघडली गेली, आणि ती उघडली हे चांगलेच झाले. पण खाते असणे आणि खात्यात काही असणे यात केवढे अंतर असते, ते पासबुक भरून देणाऱ्या कारकुनाला विचारा.

झोपडपट्टी म्हणजेच गरिबी, अशीही एक सोपी पट्टी आपण मनात बाळगतो. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईतली सुमारे ४१ टक्के कुटुंबे झोपडपट्टीत राहात होती. पण तिथे शिक्षक राहतात, पोलीस शिपाई राहतात, माझ्या शाखेतला शिपाईही राहात असे. ते गरीब नव्हते. शहरात घर त्यांच्या आवाक्यात नव्हते, इतकेच. उलट जनगणनेच्या व्याख्येत झोपडपट्टी म्हणजे निदान साठ-सत्तर घरांची दाट वस्ती. नाल्याकाठी पंधरा झोपड्या असतील, बांधकामावर पत्र्याच्या शेडमध्ये दहा कुटुंबे असतील, तर ती झोपडपट्टीत मोजलीच जात नाहीत. आणि बरेचदा सर्वांत गरीब तीच असतात. १९८५ साली ‘स्पार्क’ या संस्थेने मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्या सुमारे सहा हजार कुटुंबांची घरोघर, खरे तर घर नसलेल्यांची, मोजणी केली. अहवालाचे नावच ‘आम्ही, अदृश्य’ अशा अर्थाचे होते. आपण ज्यांना ओलांडून रोज कामावर जात होतो, ती माणसे कागदावर यायला कोणी तरी पदपथावर जाऊन बसावे लागले.

एस. आर. हाशिम यांच्या समितीने २०१२ मध्ये हा धागा पकडला होता. शहरातला गरीब ओळखायचा तर तो राहतो कुठे, काम काय करतो आणि घरात त्याला आधार कोणाचा आहे, या तीन बाजूंनी बघा, असे तिने सुचवले. उघड्यावर किंवा प्लास्टिकखाली राहणाऱ्याला आणखी काही न विचारता यादीत घ्या. रंगराजन आणि हाशिम या दोघांचे म्हणणे एकत्र वाचले की शहरी गरिबीचा चेहरा बराच स्पष्ट होतो : भाकरीपेक्षा जागेची टंचाई, आणि कमी उत्पन्नापेक्षा बेभरवशाचे उत्पन्न.

मग प्रश्न असा की, एवढे सगळे कळल्यावर टेबलावरचा नियम बदलला का? महाराष्ट्रात १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिका आल्या. पिवळी मिळायला कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न १५,००० च्या आत हवे होते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर प्राधान्य कुटुंबासाठी शहरात ५९,००० रुपयांची मर्यादा ठरली. महिन्याला पाच हजारांहून कमी. आता रंगराजन यांचे २०११-१२ सालचे १४०७ रुपये घ्या, पाच माणसांनी गुणा, बारा महिन्यांनी गुणा. येतात ८४,४२० रुपये. म्हणजे तज्ज्ञ ज्याला गरिबीची सीमा म्हणत होते तिच्या पंचवीस हजार रुपये खाली आपण खिडकी बंद केली. आणि इथेही कुटुंब तिघांचे की सातांचे, हा प्रश्न नाहीच. महिन्याला दहा हजार मिळवणारा आणि खरे सांगणारा पहारेकरी बाहेर, आणि ५८,००० चा दाखला पैदा करणारा आत. ७२०० च्या जागी ५९,००० आले, एवढाच फरक.

कोणी म्हणेल, मोजण्यात वेळ घालवण्यापेक्षा मदत करा. पण वाटायचे म्हटले की कुठे तरी रेघ मारावीच लागते. ती विचार करून मारली नाही, तर टेबलामागे बसलेला माणूस ती मारतो. मी मारली आहे. त्याला वेळ नसतो, रांग मोठी असते, आणि त्याच्यापुढचा नियम जेवढे विचारतो तेवढेच तो विचारतो.

म्हणून माझे म्हणणे थोडके आहे. गरिबी मोजण्याच्या सुधारलेल्या पद्धती अहवालात ठेवू नका, अर्जाच्या नमुन्यात आणा. दर मोठ्या शहराची रेषा त्या शहराच्या भाड्यावरून ठरवा. नागपूरचे भाडे मुंबईला लावू नका. ती दर दोन-तीन वर्षांनी भावाप्रमाणे पुढे न्या. आणि एकदाच फोटो काढून समाधान मानू नका. तीच ती कुटुंबे पुन्हा पुन्हा पाहा. कारण शहरातला माणूस एका आजारपणात रेषेखाली जातो आणि मुलगा कामाला लागला की वर येतो.

त्या दिवशी माझ्यापुढच्या छापील अर्जात उत्पन्नाचा एकच रकाना होता. त्याच्या शेजारी आणखी तीन हवे होते : खाणारी तोंडे किती, खोलीचे भाडे किती, पाणी आणि प्रवास यांवर किती. बाईने तेही खरे सांगितले असते. कर्ज दीड हजार रुपयांचे होते.